पेठेत वर्ल्ड कप बघायचाय? मग ११ जूनच्या आत एवढं करून ठेवा

कोल्हापुरात फुटबॉलचा वर्ल्ड कप कुठं बघायचा असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, तालमीत ये की. तालीम म्हणजे पेठेतला कुस्तीचा आखाडा, गल्लीचं मंडळ पण तिथंच. पण यंदा एवढ्यावर भागणार नाही. २०२६ चा वर्ल्ड कप अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत आहे, टीम ३२ च्या ४८ झाल्यात, मॅच ६४ च्या १०४ झाल्यात आणि सगळं ११ जून ते १९ जुलै, म्हणजे आपल्या भर पावसाळ्यात आणि मध्यरात्री. २०२२ ला कतारच्या वेळी दुपारी साडेतीनपासनं मॅच असायच्या, थंडीचे दिवस होते, रस्त्यावर पडदा लावला तरी चालून गेलं. यावेळी तसं जमणार नाही, म्हणून आत्ताच बसून सगळं ठरवायला लागंल.

पहिलं काम म्हणजे वेळापत्रक आपल्या घड्याळाप्रमाणं लिहून तालमीच्या भिंतीवर लावा. मोबाईलवर फिरणाऱ्या फोटोत बऱ्याचदा तिकडची तारीख असते आणि तिथंच घोळ होतो. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं आहे, म्हणजे तिथं दुपारी तीनला मॅच सुरू झाली की आपल्याकडं रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात आणि तारीख पण बदललेली असते. पहिली मॅच मेक्सिको विरुद्ध दक्षिण आफ्रिका, तिकडं ११ जून, आपल्याकडं गुरुवारची रात्र संपून शुक्रवार १२ जून लागला की रात्री साडेबारा. ब्राझील-मोरोक्को तिकडं १३ तारीख, आपल्याकडं रविवारी १४ ला पहाटे साडेतीन. अर्जेंटिनाची पहिली मॅच अल्जेरियाशी, बुधवारी १७ ला सकाळी साडेसहाला. वेळापत्रक लिहिताना 'शनिवारी रात्री झोपायचं नाही, रविवारी पहाटे ३.३०' असं दोन्ही वार घालून लिहा, नाहीतर अर्धी पोरं मॅच झाल्यावर दुसऱ्या रात्री गोळा होतात.

हे एकदा भिंतीवर लागलं की मग जागा ठरवा, आणि माझं मत सरळ आहे की सगळ्या मॅचला एकच जागा धरायची नाही, वेळ बघून जागा ठरवायची. रात्री साडेनऊ-साडेदहाच्या मॅच तालमीच्या हॉलमध्ये, अख्ख्या गल्लीला बोलवून. अशा मॅच थोड्याच आहेत म्हणून त्या आधी शोधून ठेवा, २२ जूनची अर्जेंटिना-ऑस्ट्रिया साडेदहाला आहे, पोर्तुगालच्या पहिल्या दोन्ही साडेदहाला आहेत, रोनाल्डोवाल्यांचं यंदा बरं आहे. साडेबाराच्या मॅचला पण हॉलच, पण दारं-खिडक्या बंद करून. पहाटे साडेतीनची मॅच मात्र कुणाच्या तरी घरात, आठ-दहा जण, टीव्हीवर, कारण त्या वेळेला हॉल उघडून चाळीस माणसं जमवली की शेजाऱ्यांची झोप गेलीच. सकाळी साडेसहा-साडेसातच्या मॅचला परत हॉल, त्या वेळी पेठ जागी असते, व्यायामाला आलेली पोरं असतात, दूधवाले असतात. अर्जेंटिना-जॉर्डन तर रविवारी २८ जूनला सकाळी साडेसातला आहे, ती मॅच मला सगळ्यात जास्त आवडणार, बघून संपली की अख्खी गँग मिसळ खायला.

हॉटेलात किंवा बारमध्ये बघायचा प्लॅन असेल तर ताराबाई पार्क, राजारामपुरीकडं मोठी स्क्रीन लावणारे मिळतील, पण बुकिंग करण्याआधी एकच विचारा, बंद किती वाजता करता. साडेबाराला सुरू झालेली मॅच अडीचला संपते, नॉकआउट, म्हणजे हरला तो बाहेर अशी, असली आणि एक्स्ट्रा टाइम, पेनल्टी झाली तर सव्वातीन-साडेतीन. पेनल्टीच्या वेळी शटर ओढलं तर काय करणार तुम्ही. नॉकआउट तिकडं २८ जूनपासनं, आपल्याकडं २९ च्या रात्री साडेबारापासनं आहेत आणि यंदा ३२ टीमची एक जादा फेरी आहे, हे पण डोक्यात ठेवा.

हॉल धरताना तालमीचं कॅलेंडर बघा. यंदा मोहरम बरोबर ग्रुप मॅचच्या काळात येतोय, आपल्याकडं कितीतरी तालमीत मोहरमचे पंजे, म्हणजे पीर, बसतात, हिंदू-मुसलमान सगळे मिळून करतात, त्या दिवसांत त्या जागेत स्क्रीन लावायची गोष्टच काढायची नाही. २६ जूनला शाहू जयंती. मोहरमची गर्दी पण त्याच आसपास. म्हणजे साधारण १७ ते २७ जूनसाठी दुसरी जागा बघून ठेवा, समाजमंदिर, कुणाचा रिकामा गाळा, कार्यालयाचा छोटा हॉल, काहीही, पण छप्पर पाहिजे. आणि ज्या तालमीत पहाटे कुस्तीची पोरं मेहनत करतात तिथं वस्तादांना आधी भेटा, त्यांच्या वेळेत आपण घुसायचं नाही.

आता स्क्रीन. प्रोजेक्टर भाड्यानं आणणार असाल तर तो रात्रीपुरताच धरा. जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं, साडेसहाच्या मॅचला हॉलमध्ये जरा जरी उजेड आला तरी पडद्यावर बॉल दिसत नाही, त्यामुळं सकाळच्या मॅचला मोठा टीव्ही किंवा जाड काळे पडदे. पडदा उंच लावा, खाली बसणाऱ्याचं डोकं मधे येतं. एचडीएमआय केबल लांब घ्या आणि एक जादा घ्या, ही केबल नेमकी मॅचच्या दिवशीच खराब होते असा माझा तीन वर्ल्ड कपचा अनुभव आहे.

पावसाचं नीट ऐका. छत्रीची डिश असेल तर जोराचा पाऊस आला की सिग्नल जातो, त्याला काही इलाज नाही, म्हणून डिशबरोबर केबल किंवा फायबरचं इंटरनेट असं दोन्ही ठेवा. ज्या अ‍ॅपवर मॅच आहे त्याचे पैसे आधी भरून, लॉगिन करून, आदल्या दिवशी पाच मिनिटं चालवून बघा, पासवर्ड एकाला नाही दोघांना माहीत पाहिजे. फक्त इंटरनेटवर बघणार असाल तर एक लक्षात ठेवा, ते टीव्हीपेक्षा मागं चालतं, कधी कधी अर्धा मिनिट. २०२२ च्या फायनलला आम्ही अ‍ॅपवर बघत होतो आणि पलीकडच्या गल्लीत टीव्ही होता. फ्रान्सच्या एम्बापेनं ८० व्या आणि ८१ व्या मिनिटाला दोन गोल मारले, ते दोन्ही आम्हाला पलीकडच्या ओरडण्यावरनं आधी कळले, पेनल्टीला तर आम्ही पडद्याकडं बघायचंच सोडून दिलं होतं, कान लावून बसलो होतो. मोंटिएलनं शेवटची मारली, अर्जेंटिना जिंकली, आयुष्यभर वाट बघितलेला क्षण आणि तो आम्हाला भिंतीपलीकडनं ऐकू आला. म्हणून सांगतो, शेजारच्या तालमीला विचारा ते कशावर बघणार आहेत आणि शक्य असेल तर दोघांनी एकच ठेवा.

लाइटचं दुसरं दुखणं. २०१४ ची फायनल पण अशीच होती, रविवारची रात्र संपून सोमवार लागलेला, साडेबाराची मॅच, पाऊस. नव्वद मिनिटं शून्य-शून्य, एक्स्ट्रा टाइम सुरू झाला आणि लाइट गेली. इन्व्हर्टर होता पण त्याची बॅटरी कुणी बघितलीच नव्हती, दोन मिनिटांत बंद पडला. ११३ व्या मिनिटाला जर्मनीच्या गोत्झेनं मारलेला गोल मी दुसऱ्या दिवशी दुकानातल्या टीव्हीवर बघितला. त्यामुळं इन्व्हर्टर आदल्या आठवड्यात दोन तास सलग लोड देऊन चालवून बघा, टीव्ही, राउटर आणि एक बल्ब एवढंच त्याच्यावर ठेवा, पंखे नको. जनरेटर आणणार असाल तर तो हॉलमध्ये किंवा जिन्याखाली ठेवायचा नाही, धूर आत कोंडला तर जिवावर बेतेल. रस्त्यात मांडव घालायचाच असेल तर महानगरपालिका आणि पोलिस ठाणं दोन्हीकडं अर्ज, वीज महावितरणकडनं तात्पुरती जोडणी घेऊन, अर्थिंगसकट. तारेवर आकडा टाकायचा नाही, ओल्या मांडवात लोखंडी पाइपला करंट उतरला तर पोरं जातील, यात मला अजिबात तडजोड नको वाटते. तिकीट लावायचं किंवा स्पॉन्सरचा बोर्ड लावायचा डोक्यात असेल तर ते व्यावसायिक प्रक्षेपण होतं, त्याला फिफाचं लायसन लागतं, आपल्याला ते नकोच, घरटी वर्गणी काढा आणि वहीत लिहा.

आवाजाबद्दल जरा सविस्तर, कारण सगळा वर्ल्ड कप यावर टिकणार आहे. रात्री दहा ते सकाळी सहा बाहेर लाउडस्पीकर लावता येत नाही, हा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी गल्लीत म्हातारी माणसं आहेत, बाळंतिणी आहेत, पहाटे पाचला कामावर जाणारे आहेत. आत साधे छोटे स्पीकर ठेवा, कॉमेंट्री ऐकू आली की बास. पहिल्या मॅचच्या आधी दोघा-तिघांनी घरोघरी जाऊन सांगून या, काकू एवढ्या एवढ्या तारखांना रात्री आम्ही बघणार, त्रास झाला तर या नंबरला फोन करा. हे मी २०१८ ला केलं आणि ज्या आजोबांची मला सगळ्यात भीती वाटत होती तेच सेमीफायनलला खुर्ची घेऊन येऊन बसले, जुने खेळाडू निघाले, शाहू स्टेडियमवर लीग खेळलेले. फटाके रात्री नाहीच, कुणीही जिंको, सकाळी उजाडल्यावर काय ते.

आणि पोरींची रांग. हे मी यावेळी अगदी आग्रहानं सांगणार आहे. आपल्या कोल्हापुरात पोरी फुटबॉल खेळतात, जिल्ह्याच्या, राज्याच्या टीममध्ये जातात, माझी धाकटी बहीण चार वर्षं शाळेकडनं खेळली, पण वर्ल्ड कपच्या वेळी ती घरात मोबाईलवर बघते आणि मी तालमीत. विचारलं तर म्हणाली, तिथं बसायला जागा कुठं असते आणि रात्री अडीचला परत कसं यायचं. उत्तर नव्हतं माझ्याकडं. तर पुढच्या दोन रांगा बायका-पोरींसाठी आणि लहान पोरांसाठी धरून ठेवा, बाथरूम धुऊन त्याची किल्ली आणि बल्ब दोन्ही जागेवर आहेत का बघा, आणि मॅच सुटल्यावर कोण कुणाला घरापर्यंत सोडणार ते आधी ठरवा. तोंडात शिव्या येणाऱ्यांना मागं बसवा, त्यांना पण आधी सांगून ठेवा.

ब्राझीलवाले आणि अर्जेंटिनावाले वेगळे बसवायचे का यावर आमच्यात वाद आहे. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल, या आपल्या फुटबॉल क्लबांची लीगमधली ईर्षा केवढी आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि ती कधी कधी मॅचनंतर रस्त्यावर येते. माझ्या मते मिसळून बसवा, लहानपणापासनं एकत्र खेळलेली माणसं आहेत. फक्त मोठ्या मॅचच्या रात्री दोन शांत डोक्याची माणसं दारात पाहिजेत, दारू पिऊन आलेल्याला प्रेमानं घरी सोडून यायला. फ्लेक्स, कटआउट लावायचे तर परवानगी घेऊन आणि विजेच्या खांबापासनं लांब, पावसात-वाऱ्यात ते कुणाच्या तरी अंगावर पडतात.

खाण्यापिण्याचं फार करू नका. चहाचा मोठा थर्मास, भडंग, उकडलेल्या शेंगा, पाण्याचे जार. यंदा प्रत्येक हाफमध्ये साधारण २२ मिनिटांनी तीन मिनिटांचा पाणी प्यायचा ब्रेक आहे, चहा तेव्हा फिरवा म्हणजे गोलच्या वेळी कुणी कप घेऊन समोरनं जाणार नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्याचं मात्र विसरू नका, पहाटेची मॅच झाली की म्हशीचं समोर काढलेलं धारोष्ण दूध, त्यासारखं काही नाही.

शाळा जूनच्या मध्यात सुरू होतात, म्हणून लहान पोरांना शनिवार-रविवारच्या मॅच द्या. त्यांना अनिकेत जाधवची गोष्ट सांगा, आपल्याच कोल्हापूरचा पोरगा २०१७ ला भारतात झालेल्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताकडनं खेळला. आपला देश मोठ्या वर्ल्ड कपला अजून नाही, हे दरवेळी मला टोचतं, पण त्या हॉलमध्ये पुढं मांडी घालून बसलेल्या पोरांकडं बघितलं की मला आशा वाटते.

राहिली फायनल. रविवारची रात्र संपून सोमवार २० जुलै लागला की रात्री साडेबारा. सोमवारची अर्ध्या दिवसाची रजा आजच टाका. जुलैच्या त्या आठवड्यात पंचगंगा कुठं असंल ते बघत राहा, राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी चढायला लागलं तर दुधाळी, शुक्रवार पेठेकडच्या पोरांना आधी आपली घरं, म्हाताऱ्यांना, जनावरांना हलवायला मदत करा, मॅच मोबाईलवर बघू. पाणी नसलं तर रविवारी रात्री साडेअकराला हॉल उघडायचा, इन्व्हर्टर एकदा चालू-बंद करून बघायचा, पुढच्या दोन रांगा भरल्या का बघायचं. माझ्या बहिणीला मी आत्ताच सांगून ठेवलंय, दुसऱ्या रांगेत भिंतीकडची जागा तुझी.