कळसूबाई एका दिवसात: या चुका टाळा

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, उंची १६४६ मीटर. हा आकडा ऐकून काही जण उगाच धसका घेतात. काहींना मात्र 'अरे, शिड्या आहेत तिथे' एवढंच कळलेलं असतं आणि ते चपला घालून येतात. अकोले तालुक्यातलं पायथ्याचं बारी गावच मुळात बऱ्यापैकी उंचावर आहे, त्यामुळे प्रत्यक्ष चढाई उरते आठ-नऊशे मीटरच्या आसपास. बेताचा दम असलेला माणूस तीन-साडेतीन तासांत माथ्यावर पोचतो, उतरायला अडीच-तीन तास लागतात. वाट मळलेली आहे, कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आणि रेलिंग आहेत. इथे लोक अडकतात ते बहुतेक वेळा घड्याळामुळे.

आखणी सकाळपासून करू नका, संध्याकाळपासून करा

'पहाटे कितीची लोकल?' यावर ग्रुपमध्ये शंभर मेसेज पडतात. 'माथा कितीला सोडायचा?' हे कोणी विचारत नाही. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. उजेडात बारीत परतायचं, तर पाचपर्यंत खाली यायला हवं, म्हणजे दोनला माथा सोडायला हवा. आता मुंबईकराचा हिशोब बघा. कसाऱ्यापर्यंत लोकलने अडीच तास, पुढे घोटीमार्गे जीपने साधारण दीड तास, मग बारीत चहा-पोहे. साडेनऊला चढायला लागलात, तर एकच्या सुमारास माथ्यावरच्या कळसूबाई देवीच्या देवळापाशी. कागदावर जमतं. पण या हिशोबात शिडीची रांग कोणी धरलेली नसते, आणि वर गेल्यावरचे फोटोही नाहीत. एका बाजूला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले आणि दुसरीकडे भंडारदऱ्याचं पाणी समोर आलं की अर्धा तास म्हणून टेकलेली मंडळी दीड तास हलत नाहीत.

म्हणून बारी सोडतानाच ठरवून टाका: दोन वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं. शेवटच्या शिडीखाली उभे असलात तरीही. हे सगळ्यांत जड जातं, कारण माथा अगदी डोक्यावर दिसत असतो. ज्याचं बाकीचे ऐकतात अशा एकाच माणसाकडे हा निर्णय द्या, तिथे मतदान नको. आदल्या रात्री बारीत मुक्काम करणं जमत असेल, तर हा सगळा घोळच मिटतो.

शिडीवर कोंडी झाली तर

शनिवारी रात्री सूर्योदयासाठी चढलेले लोक रविवारी सकाळी उतरतात, त्याच वेळी पहाटेच्या गाडीने आलेले चढत असतात. शिडीवरून एका वेळी एकाच दिशेने जाता येतं. नवरात्रात तर जत्रेची गर्दी असते. देवीला जायचं असेल तर जरूर जा, नुसत्या भटकंतीसाठी दुसरा दिवस निवडा. रांग हलेना म्हणून शेजारच्या कातळावरून चढणारा एखादा महाभाग हमखास दिसतो. त्याच्या मागे जाऊ नका. चढणं जमतं, पण मध्यावर गेल्यावर पुढेही जाता येत नाही आणि मागेही.

उतरताना तोंड शिडीकडेच ठेवा. जिन्यासारखं पुढे बघत उतरणाऱ्याची सॅक मागच्या पायरीला अडते आणि तो पुढे ढकलला जातो. बाहेर लटकवलेली बाटली, काठी आधीच आत कोंबा. कोणाचे पाय लटपटायला लागले, तर अनुभवी माणसाने त्याच्या खालच्या बाजूला राहून पाऊल कुठे टेकवायचं ते सांगत उतरावं. 'काही होत नाही रे' म्हणून हसण्याने भीती जात नाही. ढग गडगडत असतील, तर लोखंडापासून आणि माथ्यापासून लांब राहा.

बुटाचा तळ निघाला तर

हसू नका, हे खूप घडतं. दोन-तीन वर्षं कपाटात ठेवलेला बूट वरून नवाकोरा दिसतो. पण दमट हवेत त्याच्या तळातलं पॉलियुरेथेन न वापरताही कुजत जातं आणि पहिल्याच खडकाळ टप्प्यावर तळ जबडा उघडतो. आठवडाभर आधी बूट घालून जिने चढ-उतर करा. सॅकमध्ये रुंद चिकटपट्टी आणि जादा लेस ठेवा. तळ निघालाच तर पायाच्या कमानीखालून आणि घोट्याभोवती घट्ट बांधून सावकाश खाली येता येतं. कोरे करकरीत बूट घालून येणं ही याचीच दुसरी बाजू: तळ शाबूत, टाचा सोललेल्या.

पाणी, पेटके, गुडघे

माणशी तीन लिटर पाणी न्या. वाटेत सरबत-ताकाच्या टपऱ्या असतात, पण आडवारी त्या बंद सापडू शकतात. वर शेवटच्या चढाआधी विहीर आहे, पण उन्हाळ्यात तिच्या भरवशावर राहू नका. मांडीत पेटका आला तर बसा, पाय ताणा, मोठं ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून घोट घोट प्या. उतरताना गुडघे थरथरतात, कारण प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ब्रेकसारखे दाबून धरलेले असतात. पावलं लहान टाका. शिडी यायच्या आधी पाच मिनिटं बसा, शिडी उतरल्यावर नव्हे.

धुक्यात वाट हरवली तर

पावसाळ्यात सपाटीच्या भागात पायवाटांचं जाळं होतं आणि धुक्यात सगळ्याच खऱ्या वाटतात. चढताना अधूनमधून मागे वळून बघा. उतरताना तेच दृश्य समोर येणार असतं. चुकलात असं वाटलं तर शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परत चढा. 'पाणी खालीच जातं ना' म्हणत घळीत उतरू नका, सह्याद्रीतली घळ बऱ्याचदा कड्यावर जाऊन संपते. अंधार पडलाच तर कपाळावर बांधायची बॅटरी लागते. मोबाइलच्या उजेडात एक हात अडकतो, आणि शिडीला दोन्ही हात हवेत.