क्लाउड सोडताय? आधी लॉगिनचं बघा

क्लाउडवरचं, म्हणजे ॲमेझॉन-गुगलसारख्यांच्या भाड्याच्या सर्व्हरवरचं ॲप स्वतःच्या सर्व्हरवर आणताय? बॅकअप घ्या. हे सांगावं लागत असेल तर पुढचं वाचूच नका. नवा सर्व्हर, यूपीएस, दोन वेगळ्या कंपन्यांची नेट कनेक्शनं, हेही तुम्हाला सुचलंच असेल.

मला सुचलं नव्हतं ते लॉगिन. आमचं ॲप हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं. डेटाबेस हलवला, फायली हलवल्या, शुक्रवारी रात्री दोनला निवांत झोपलो. शनिवारी सकाळी आठपासून फोन. एकाही खजिनदाराला आत जाता येईना. लॉगिन आम्ही क्लाउडवाल्याच्याच तयार सेवेवर सोपवलं होतं. ती सेवा नाव देते, ईमेल देते, मोबाइल देते. पासवर्डचे हॅश, म्हणजे ज्यांवरून पासवर्ड तपासला जातो ती उलटवता न येणारी रूपं, देत नाही. मागून, भांडून, कशानेही नाही. आणि हे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. सत्तरीतल्या काकांना 'पासवर्ड विसरलात?' कुठे दाबायचं ते फोनवर समजावून बघा एकदा.

म्हणून निदान तीन महिने आधी लॉगिनचा कोड बदला. माणूस पासवर्ड टाकेल, तो जुन्या सेवेकडून तपासून घ्या, बरोबर निघाला की त्याच क्षणी आर्गॉन-२ किंवा बीक्रिप्ट पद्धतीने हॅश करून आपल्या टेबलात ठेवा. कोणाला काही कळतही नाही. किती जण आले ते रोज मोजा. आमच्या काही सोसायट्या तिमाहीला एकदाच उगवतात, म्हणून तीन महिने. तुमचा सर्वांत आळशी ग्राहक कधी येतो ते तुम्ही बघा. उरलेल्यांना रीसेटचा मेल. तो पोचायला हवा! नव्या आयपीसाठी (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यासाठी) एसपीएफ आणि डीकिम, म्हणजे मेल खरंच तुमचाच असल्याच्या खुणा, नीट लावा, नाहीतर सगळं स्पॅममध्ये. ओटीपीचा एसएमएस पुरवणारा बदलत असाल तर डीएलटीवरचे (धंद्याच्या एसएमएसची नोंदणी जिथे होते तिथले) हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि टेम्प्लेट, म्हणजे मजकुराचा साचा, तुमच्याच नावावर आहेत ना ते आजच उघडून बघा.

डेटाबेस साधा पोस्टग्रेस असेल तर पीजी-डंप (त्याची पूर्ण नक्कल काढणारं साधन) वापरून नव्या मशीनवर पूर्ण चढवून बघा, घड्याळ लावून. रोल, म्हणजे डेटाबेसची खाती, वेगळे न्यावे लागतात, आणि क्लाउडवर सुपरयूझर (सगळे अधिकार असलेलं खातं) मिळत नसल्याने त्यांचे पासवर्ड येत नाहीत. इथेही पासवर्डच, बघा. एन्क्रिप्शनची (डेटा कुलूपबंद करायची) किल्ली क्लाउडवाल्याच्या तिजोरीत तयार झाली असेल तर तीही बाहेर निघत नाही. डेटा तिथेच उलगडा, मग उचला.

फायलींचं त्यातल्या त्यात सोपं. एस-थ्री या ॲमेझॉनच्या फायली ठेवायच्या सेवेची भाषा सेफ या स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणाऱ्या सॉफ्टवेअरलाही येते, कोडमध्ये बहुधा पत्ता आणि किल्ल्या बदलल्या की झालं. खर्च बाहेर काढण्याचा. ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधून (तिथल्या डेटा सेंटरमधून) इंटरनेटवर डेटा काढायचा छापील दर जीबीला सुमारे ११ सेंट, म्हणजे १० टीबीला अकराशे डॉलरच्या आसपास. २०२४च्या जानेवारीत गुगलने आणि मार्चमध्ये ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्टने सोडून जाणाऱ्यांना ही रक्कम माफ करायची सोय केली. पण आधी अर्ज, मग मंजुरी, मग डेटा. उलट क्रमाने गेलात तर बिल तुमचं.

सर्व्हरलेस फंक्शनं (क्लाउडवाला गरजेपुरते चालवतो ते कोडचे तुकडे) आणि क्यू (कामांची रांग) यांवर लिहायचा आता कंटाळा आलाय. थोडक्यात, धंद्याचं गणित एका फायलीत आणि क्लाउडवाल्याशी बोलणं दुसऱ्या फायलीत असेल तर आठवडाभराचं काम, नसेल तर देव आठवा. डीएनएसचा (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यादीचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा, ८६४०० असेल तर दोन दिवस आधी ३०० करा. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), सर्टिफिकेट, अलर्ट हेही नव्या सर्व्हरवर लावायला विसरू नका. शुक्रवारी रात्री हलवू नका, मंगळवारी हलवा.

जुनं खातं महिनाभर चालू ठेवा. बाकीच्या सेवा एकेक करून बंद केल्या तरी चालतील, लॉगिनची सगळ्यांत शेवटी. आणि तीही आपल्या टेबलात किती जण यायचे राहिलेत ते मोजल्यावरच.