दहावीच्या वर्षात शाळा आणि पालक दोघेही करतात, त्या चुका टाळा

निकाल लागल्यावर ‘आता पुढे काय’ हा विचार सुरू करणाऱ्या घराला आधीच उशीर झालेला असतो. मी तालुक्याच्या गावातल्या माध्यमिक शाळेत शिकवतो आणि नववी-दहावीच्या मुलांच्या पुढच्या प्रवेशांचं काम माझ्याकडे आहे. मुलं दरवर्षी नवी येतात, चुका मात्र त्याच. या चुकांनी हुशार, कष्टाळू मुलांचं एक-एक वर्ष खाल्लेलं मी पाहिलं आहे. यातल्या बहुतेक चुकांत मुलाचा काही दोष नसतो. त्याच्या भवितव्याची माहिती दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात पडून असते आणि त्याच्यापर्यंत पोचते तेव्हा मुदत संपलेली असते.

‘ग्रुपवर टाकलं होतं की!’

हे वाक्य शाळांनी बोलणं आधी बंद करावं. परिपत्रकाचा तिरका, धूसर फोटो रात्री साडेदहाला पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. सकाळपर्यंत त्यावर शुभ सकाळ, तीन वाढदिवस आणि एका हरवलेल्या डब्याची चौकशी येऊन बसते. वरचं कोण वाचणार? बऱ्याच घरांत नेट चालणारा फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेला असतो. आईला आणि मुलाला सूचना दिसतच नाही. कळवणाऱ्याचं काम संपतं, पण कळायला हवं त्याला काहीच कळत नाही.

माझी पद्धत जुनी आहे आणि ती मी सोडणार नाही. सूचना फळ्यावर लिहितो. तीत तीनच गोष्टी असतात: काय करायचं, शेवटची तारीख कोणती, विचारायचं कुणाला. मुलं ती डायरीत उतरवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी खाली पालकांची सही आणतात. ज्याची सही येत नाही त्याच्या घरी फोन करतो. ग्रुपवरही तेच टाकतो, पण टाइप करून, आणि सोबत अर्ध्या मिनिटाचा आवाजातला निरोप, कारण वाचायला संकोचणारे पालक ऐकतात मात्र लक्ष देऊन. चौकशा, आभार, शुभेच्छा यांच्यासाठी वेगळा ग्रुप ठेवावा. सूचनांच्या ग्रुपवर लिहिण्याची मुभा फक्त शाळेला असावी.

पालकांसाठी एवढंच: ‘शिष्यवृत्ती मिळवा, या लिंकवर आधार नंबर भरा’ असले फिरते मेसेज आधी वर्गशिक्षकांना दाखवा. भरायची घाई नको.

फॉर्म कॅफेवाल्यावर सोपवणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

2025 साली अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. त्याआधी ही पद्धत मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्यापुरतीच होती. बाकी महाराष्ट्रातल्या पालकांना गावातल्या ज्युनियर कॉलेजात जाऊन खिडकीवर फॉर्म द्यायची सवय. अचानक लॉगिन, ओटीपी, भाग एक, भाग दोन, पसंतीक्रम असं सगळं पुढ्यात आलं आणि लोकांनी ते सरळ कॅफेवाल्याच्या स्वाधीन केलं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. ऐंशीच्या पुढे टक्के, घरी आई आणि ती, आई रोजंदारीवर. मुलीला नर्स व्हायचं होतं आणि ते तिचं सातवीपासून ठरलेलं होतं. आईच्या फोनचं रिचार्ज संपलं होतं, म्हणून फॉर्मवर मोबाईल नंबर कॅफेवाल्याने स्वतःचाच टाकला. पासवर्डही त्याच्याच वहीत. दहापर्यंत पसंती देता येतात, तेव्हा त्याने यादीत वर दिसलेलं नावाजलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं. ते जिल्ह्याच्या ठिकाणी. जिथे ती पायी जाऊ शकली असती ते गावातलं कॉलेज तिसऱ्या क्रमांकावर गेलं. तिला हे कुणी विचारलंच नाही.

पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं. आणि पहिली पसंती लागली की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. तो मेसेज आला कॅफेवाल्याच्या फोनवर, आणि तो दुकान बंद करून बहिणीच्या लग्नाला गेलेला. मुलगी माझ्याकडे आली ती मुदतीच्या शेवटच्या दुपारी, आणि तीही मैत्रिणीला कॉलेज लागलं म्हणून, मग ‘सर, माझं कुठे बघायचं?’ असं विचारायला. तिच्याकडे अर्ज क्रमांकसुद्धा नव्हता. आम्ही त्या माणसाला फोनवर फोन लावले. त्याने उचलला तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि वेळ टळून गेली होती. नंतरच्या खुल्या फेरीपर्यंत गावातल्या कॉलेजात विज्ञानाच्या जागा भरल्या होत्या. तिला वाणिज्य शाखा मिळाली.

बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र लागतं, त्यामुळे तो रस्ता तिच्यासाठी बंद झाला. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, मात्र इंग्रजीसह कुठल्याही शाखेची बारावी चालते. त्या आधारावर ती आता नेटाने अभ्यास करते आहे. ती नर्स होईल, माझा तिच्यावर पूर्ण भरवसा आहे. पण तिच्या वाटेत हा वळसा एका परक्या मोबाईल नंबरामुळे आला, आणि हे मी प्रत्येक पालकसभेत सांगतो.

कॅफेत जाऊ नका असं मी म्हणत नाही. सगळ्यांकडे संगणक कुठे आहे? पण नंबर घरचाच द्या आणि त्या महिन्यांत तो चालू ठेवा. अर्ज क्रमांक आणि पासवर्ड मुलाच्या डायरीत त्याच्याच अक्षरात असू द्या. भरलेल्या फॉर्मची प्रिंट घेऊनच दुकानातून बाहेर पडा. आणि पसंतीक्रम आदल्या रात्री घरी कागदावर लिहून न्या. माझ्या मुलांकडून मी तो तक्ता करून घेतो: कॉलेजचं नाव, गेल्या वर्षीचा कटऑफ, एसटी किती वाजता, परतीची शेवटची गाडी कोणती. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, पण कॉलेज साडेसातला भरत असेल आणि पहिली गाडी आठला असेल तर पास काय कामाचा? जिथे रोज खरोखर जाणार, तेच कॉलेज पहिल्या ओळीत. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका मूल आणि पालक दोघांनी मिळून वाचावी. अर्धा तास लागतो. ‘सर, तुम्हीच सांगा ना पटकन’ म्हणणाऱ्यांनाही मी आधी पुस्तिकाच हातात देतो.

‘सायन्स घे, सगळे रस्ते उघडे राहतात’

नव्वद टक्के आले की सायन्स, सत्तर आले की कॉमर्स, पन्नास आले की आर्ट्स आणि काठावर पास झाला की आयटीआय. ही उतरंड कुणी लिहून ठेवलेली नाही, पण प्रत्येक घरात पाळली जाते. तिच्यामुळे दोन्हीकडचं नुकसान होतं. विज्ञानाची आवड नसलेलं मूल अकरावीत कोमेजतं, आणि हाताने उत्तम काम करणारं मूल स्वतःला कमी समजू लागतं.

पॉलिटेक्निकचंच घ्या. ‘डिप्लोमात वर्षं वाया जातात’ हे मी अजून ऐकतो. बारावी करून इंजिनिअरिंगला गेलात तर दोन आणि चार, सहा वर्षं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला गेलात तर तीन आणि तीन, सहाच वर्षं. शिवाय त्या प्रवेशाला सीईटी नाही, डिप्लोमाचे गुण धरतात. मध्येच घरची अडचण आली, तरी डिप्लोमावाल्याच्या हातात नोकरीपुरतं प्रमाणपत्र असतं. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. म्हणजे वाट तिथेही संपत नाही.

नववीच्या मुलांना मी दरवर्षी जवळच्या आयटीआयत घेऊन जातो. एकदा फिटर ट्रेडच्या निदेशकांनी आमच्या एका मुलाला व्हाइसमध्ये धरलेला लोखंडी तुकडा आणि कानस दिली. वर्गात शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसणारा हा मुलगा. त्याने कानस चालवली, मग निदेशकांचं बघून काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर तुकड्यावर टेकवला, तो उजेडाकडे धरला आणि खालून फट दिसते का ते बघितलं. फट दिसली. पुन्हा घासलं, पुन्हा उजेडाकडे धरलं. कुणीही न सांगता त्याने हे इतक्या वेळा केलं की शेवटी आम्हाला त्याला हाताला धरून बसकडे आणावं लागलं. कुठल्याही गुणपत्रिकेत ही चिकाटी दिसली नसती. 2016 मध्ये राज्यात दहावीची कल चाचणी सुरू झाली तेव्हा अनेक पालकांना वाटलं की आता कागदच उत्तर देईल. चाचणीने दिशा कळते, पण कानस हातात घेतल्याशिवाय लोखंडाची आवड कळत नाही. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विश्वासावर. शाळकरी मुलांनी वेल्डिंग, वायरिंग, शेती, रक्तगट तपासणी अशी खरी कामं करत शिकावं, हा विचार तिथून महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत गेला. आपल्या शाळेत व्यवसाय शिक्षणाचा विषय असेल तर तो ‘सोपा विषय’ म्हणून बाजूला टाकू नका.

विज्ञान घेताना विषयही बघा. गणित सोडून फक्त जीवशास्त्र घेतलं तर इंजिनिअरिंग बंद. एनडीएत, म्हणजे सैन्याधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीत, हवाई दल किंवा नौदल हवं असेल तर बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही लागतात, भूदलाला कुठलीही शाखा चालते. मुलींनाही आता एनडीएची परीक्षा देता येते, तरी आठवीपासून गणवेशाचं स्वप्न बघणाऱ्या मुली अकरावीत गणित सोडून मोकळ्या झालेल्या मी बघितल्या आहेत. कारण विचारलं तर ‘मैत्रिणींनी सोडलं’.

आणि तो ‘टाय-अप’चा प्रकार: नाव एका कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये, कॉलेजची प्रयोगशाळा डोळ्यांनीही न पाहिलेली. मला हा प्रकार मुळीच मान्य नाही. सोळाव्या वर्षी मुलाला मित्र, मैदान, वाचनालय आणि प्रयोगशाळेची गरज असते.

नावातलं एक अक्षर

आधारवर ‘ज्ञानेश्वर’चं इंग्रजी स्पेलिंग एक, शाळेच्या जनरल रजिस्टरला दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. आईचं नाव कुठे माहेरचं, कुठे सासरचं. दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरल्यावर मंडळाकडून प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासायची यादी येते. ती मुलाला दाखवून त्याची सही घ्यायची असते. बऱ्याच शाळांत ही सही मधल्या सुट्टीत, रांगेत, न वाचता होते. मी एक पूर्ण तास त्यासाठी ठेवतो. प्रत्येकाने आधार समोर ठेवून नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, विषय बोटाने ओळीवर धरून तपासायचं, मग शेजाऱ्याने तपासायचं, मग सही. मूल शाळेत असेपर्यंत रजिस्टरमधली दुरुस्ती रीतसर प्रस्ताव पाठवून होते. दाखला घेऊन गेल्यावर तीच दुरुस्ती फार जड जाते.

कागदपत्रं

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर यांवर वैधतेची तारीख असते, बहुधा 31 मार्च. गेल्या मार्चला संपलेला दाखला जूनमध्ये चालत नाही. तारीख बघा. निकालानंतर दाखले देणाऱ्या सेतू केंद्रावर रांग लागते, म्हणून एप्रिलमध्येच अर्ज करा. जातीचा दाखला नववीतच काढून ठेवा. जात पडताळणीचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न बघता करावा.

मूळ कागद कुणालाही ‘ठेवून’ देऊ नका. झेरॉक्स द्या.

एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झालेल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, पण दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. अकरावीला शाळा बदलली की नेमकं हेच राहून जातं.

आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. ‘लगेच सीट देतो’ म्हणणाऱ्या मॅनेजमेंट कोट्याच्या मागे घाईने धावलात की ही सवलत गेली.

निकालाच्या दिवशीचा निरोप

निकाल लागला की शाळा पहिल्या पाचांचे फोटो लावून बॅनर करतात, ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. जो नापास झाला, त्याच्या घरी शाळेचा एक शब्दही जात नाही. ही चूक मला सगळ्यात जास्त लागते, कारण त्या दिवशी शाळेची गरज त्यालाच असते. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला बसता येतं, हे अनेक घरांना माहीतच नसतं. पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्यात-पावसाळ्यात होते आणि तिच्या अर्जाची मुदत निकालानंतर लगेच सुरू होते. आमच्याकडे वर्गशिक्षक त्या दिवशी अभिनंदनाचे फोन नंतर करतात, आधी या मुलांच्या घरी करतात. आधी मुलाशी बोलायचं, मग पालकांशी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता फॉर्म भरायला दोघांनाही शाळेत बोलवायचं.