वेगवेगळ्या वारंवारितांच्या सिग्नलमधला कोहेरन्स कसा मोजायचा

एक सिग्नल १० हर्ट्झचा, दुसरा ४० चा. नेहमीचा कोहेरन्स, म्हणजे दोन सिग्नलमधल्या सुसंगतीचं माप, एकाच वारंवारितेवरचा रेषीय संबंध तपासतो, त्यामुळे इथे हाती काहीच लागत नाही. आधी दोघांची फेज (लहर आपल्या फेऱ्यात कुठे आहे ते सांगणारा कोन) एका मापात आणावी लागते: संथ सिग्नलची फेज चारने गुणायची, त्यातून वेगवान सिग्नलची फेज वजा करायची आणि हा फरक किती स्थिर राहतो ते पाहायचं.

दोन्ही सिग्नल एकाच घड्याळावर नोंदवलेले असावेत. दोन यंत्रांच्या घड्याळांत ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक असला, तरी ४० हर्ट्झवर ५०० सेकंदांत फेज अख्खा एक फेरा सरकते आणि खरा संबंधही पुसला जातो.

संथ सिग्नलला ९ ते ११ हर्ट्झचा बँडपास (फक्त तेवढाच पट्टा जाऊ देणारा फिल्टर) लावा, वेगवान सिग्नलला ३६ ते ४४ चा. दुसरा पट्टा चौपट रुंद, कारण फेज चारने गुणली की तिची चलबिचलही चौपट होते. फिल्टर पुढून आणि मागून असा दोनदा चालवा, म्हणजे फेज सरकणार नाही. मग हिल्बर्ट रूपांतराने (प्रत्येक क्षणाची फेज देणारी गणिती क्रिया) फेज काढा आणि दोन्ही टोकांचे दोन-दोन सेकंद टाकून द्या. प्रत्येक नमुन्यासाठी फरकाच्या कोनाचा एकक सदिश (त्या दिशेचा, १ लांबीचा बाण) घेऊन सगळ्यांची सरासरी काढा. तिची लांबी, ० ते १, हाच निर्देशांक. गुणक पूर्णांक असेल तर फेज अनरॅप करायची (प्रत्येक फेऱ्यानंतर शून्यावर येणारा कोन सलग जोडायची) गरज नाही. गुणोत्तर २:३ असेल तर १.५ ने गुणू नका, संथ सिग्नलच्या फेजला ३ ने आणि वेगवानच्या फेजला २ ने गुणा.

आकडा शून्य कधीच येणार नाही. दोन हर्ट्झच्या पट्ट्यात ६० सेकंदांत स्वतंत्र नमुने जेमतेम १२० मिळतात, सॅम्पलिंग कितीही वेगवान असो. संबंध नसतानाही निर्देशांक शून्याच्या थोडा वरच येतो. म्हणून एक सिग्नल यादृच्छिक वेळाने सरकवून हीच मोजणी काहीशे वेळा करा आणि मूळ निर्देशांक त्यातल्या ९५ टक्के आकड्यांहून मोठा असेल तरच खरा धरा. मात्र दोन्ही सिग्नल घट्ट स्थिर साइन लहरी असतील तर सरकवूनही निर्देशांक १ च राहतो. तिथे ही चाचणी निरुपयोगी. वेगवेगळ्या प्रयोगफेऱ्यांच्या जोड्या अदलाबदल करून, सगळ्या फेऱ्यांचे सदिश एकत्र सरासरीत घेऊन तपासा.

सगळ्यात फसवा प्रकार हार्मोनिकचा, म्हणजे मूळ वारंवारितेच्या पूर्णांक पटीत उमटणाऱ्या घटकांचा. १० हर्ट्झची लहर टोकदार असेल तर ४० वर तिचाच चौथा हार्मोनिक दिसतो आणि निर्देशांक उंच चढतो, दुसरा स्रोत नसतानाही. स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या वारंवारितेवर किती जोर आहे त्याच्या आलेखात) २० आणि ३० वरही शिखरं दिसली तर आधी हाच संशय घ्या.