आईंच्या फोनमध्ये ॲप टाकून मोकळे झालात? या चुका टाळा

सासरे गेल्यावर आमच्या इंदूरच्या घरात आई अगदी गप्प झाल्या. भूक नाही, पहाटे तीनला जाग, गुडघ्यांची तक्रार. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नाही, अशा दुखण्यांतून दिसतं. नणंदेनं पुण्याहून मूडची नोंद ठेवणारं ॲप टाकून दिलं. चौथ्या दिवशी फोन उशीखाली.

"अगं, हा माझं बोट ओळखतच नाही."

आम्हाला वाटलं, टाळताहेत. खरं तर वयानं बोटांची टोकं कोरडी पडतात आणि स्क्रीनला स्पर्श नीट कळत नाही. शिवाय आई बटण दाबून धरायच्या, मग भलतंच काहीतरी उघडायचं. हाताला थोडं क्रीम लावलं, सेटिंगमध्ये दाबून धरण्याचा वेळ वाढवला, अक्षरं मोठी केली, भाषा मराठी केली. निम्मं भांडण तिथंच मिटलं.

दुसरी चूक माझी. ज्येष्ठांसाठी 15 प्रश्नांची हो-नाही प्रश्नावली असते, ती मी शेजारी बसून वाचून दाखवली. सुनेसमोर कोण म्हणेल, आयुष्य रिकामं वाटतं? गुण छान आले! नंतर एकट्यानं भरली तेव्हा 9. पाचाच्या वर गेले तर डॉक्टर गाठायचा, पण ते निदान नव्हे. थायरॉइड आणि बी-12 सुद्धा तपासून घ्या. त्यांच्या कमतरतेनंही माणूस असाच मलूल होतो.

व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलतानाही तेच. फोन लावून द्या, इअरफोन द्या आणि खोलीबाहेर जा. डॉक्टरांनी नैराश्यावर गोळ्या दिल्या, तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात; आम्ही दहाव्या दिवशीच "काही फरक नाही" म्हणून बंद करायला निघालो होतो.

"आज नोंद केली नाहीत" अशा सूचना आधी बंद करा. दुःखी माणसाला गृहपाठ चुकल्याची बोच कशाला?

"आता जगून काय करायचं" असं कानावर आलं, तर ॲप बाजूला ठेवा. एकटं सोडू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर थेट दवाखाना.

ॲप शेवटी काढूनच टाकलं. आता रोज साडेपाचला आधी गच्चीवर तुळशीला पाणी, मग भाचीला व्हॉइस मेसेज. परवाचा साडेचार मिनिटांचा होता, त्यातली तीन मिनिटं भरल्या वांग्यांवर.