थंडीत गिझरच्या बाबतीत या चुका टाळा

थंडी पडली की गिझरच्या तक्रारी सुरू होतात. पाणी नीट तापत नाही, दोघांच्या अंघोळीतच संपतं, खालून थेंब गळतात. यातल्या बऱ्याच तक्रारींत गिझर ठणठणीत असतो, नळाचं पाणी तेवढं जास्त गार झालेलं असतं. खरा बिघाड होतो तो नंतर, त्या तक्रारीवर केलेल्या घरगुती उपायांनी.

न बिघडलेला गिझर दुरुस्त करायला जाणं

25 लिटरचा, 2 किलोवॉटचा गिझर घ्या. 28 अंशांचं पाणी 60 अंशांपर्यंत न्यायला त्याला साधारण 28 मिनिटं लागतात. तेच पाणी 15 अंशांचं असेल तर 40 मिनिटांच्या आसपास. शिवाय आपण त्यात जे गार पाणी मिसळतो तेही जास्त गार असतं. एका अंघोळीसाठी 40 अंशांचं 20 लिटर पाणी करायला उन्हाळ्यात साडेसात लिटर गरम पाणी पुरतं, थंडीत 11 लिटर लागतं. म्हणजे तिघांना पुरणारी टाकी दोघांवर येते, आणि त्यात गिझरचा काहीच दोष नसतो. बटण दहा-पंधरा मिनिटं आधी लावा, दोन अंघोळींमध्ये थोडं थांबा.

पाणी न साठवता वाहतं पाणीच तापवणाऱ्या इन्स्टंट गिझरचं गणित तर आणखी सरळ आहे. 3 किलोवॉटचा गिझर मिनिटाला 1 लिटर पाणी सुमारे 43 अंशांनी तापवू शकतो. नळ जास्त सोडून मिनिटाला 2 लिटर पाणी घेतलं, तर वाढ 21 अंशांवर येते. उन्हाळ्यात तेवढी पुरते, थंडीत पाणी कोमटच राहतं. नळाची धार कमी करा. मेकॅनिकही याहून वेगळं काही करू शकणार नाही.

एक तपासणी मात्र जरूर करा. टाकीच्या गिझरकडे येणारा थंड पाण्याचा कॉक बंद करा आणि गरम पाण्याचा नळ उघडा. धार लगेच थांबायला हवी. पाणी येतच राहिलं, तर कुठल्या तरी मिक्सरमधून (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळातून) थंड पाणी गरम लाइनीत घुसतंय. हँड शॉवर टोकाला बंद करून मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवल्या की असं हमखास होतं. अशा वेळी कॉइल बदलून पैसे वाया जातात.

थर्मोस्टॅट शेवटच्या आकड्यावर नेणं

पाणी कमी पडतंय म्हटल्यावर हात आधी थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी किती तापवायचं ते ठरवणाऱ्या चकतीकडे जातो. पण 60 अंशांच्या पुढे पाण्यातले क्षार जास्त वेगाने बाहेर पडतात आणि नेमके कॉइलवर जाऊन बसतात. भाजण्याचा धोकाही वाढतो. 60 अंशांचं पाणीसुद्धा पाच-सहा सेकंदांत त्वचा खोलवर भाजू शकतं, लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची त्याहून लवकर. उलट टोकाला जाऊन चकती कायम 45 वर ठेवणंही बरं नाही. लिजिओनेला नावाचे जिवाणू 20 ते 45 अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतात आणि 60 अंशांना मरतात. तेव्हा 60 ठेवा आणि मिसळून वापरा.

गळणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करणं

सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे टाकीतला जादा दाब बाहेर सोडणारी झडप. माझ्या मते या यादीतली सर्वांत घातक चूक हीच. आणि ती करणारा माणूस स्वतःला हुशार समजत असतो, कारण गळती थांबलेली असते.

पाणी 20 वरून 60 अंशांवर गेलं की दीड टक्क्याच्या आसपास फुगतं. 25 लिटरच्या टाकीत हे वाढलेलं पाणी सुमारे 375 मिलिलिटर, चांगला दीड पेला. थंड पाण्याच्या लाइनीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असेल तर त्याला मागे जायला वाट नसते आणि पाणी काही दाबलं जात नाही. म्हणून ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर पडतं. गिझर तापत असताना गळणं आणि तापून झाल्यावर थांबणं, याचा अर्थ व्हॉल्व्ह आपलं काम करतोय.

तिथे एम-सील लावलं, टोपी बसवली किंवा लाकडाची खुंटी ठोकली की तो दाब टाकीवर, सांध्यांवर आणि गॅस्केटवर (झाकणाखालच्या रबरी पट्टीवर) येतो. त्यातच एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट चिकटला आणि पाणी फार तापल्यास वीज तोडणाऱ्या कटआउटनेही दगा दिला, तर दाबाखालचं पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं. टाकी फुटते त्या क्षणी त्यातल्या काही पाण्याची एकदम वाफ होते. गिझर फुटून भिंत कोसळते ती यामुळे.

गिझर बंद आणि गार असतानाही रात्रंदिवस गळत असेल, तर मात्र बघायला हवं. व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला असेल तर त्याचा छोटा दांडा उचलून पाणी एकदा जोरात वाहू द्या, बहुतेक वेळा कचरा निघून जातो. दांडा उचलताना पाणी गरम नाही ना, एवढं पाहा. तरीही गळत राहिलं तर व्हॉल्व्ह बदला, किंवा लाइनीचा दाब जास्त आहे का ते तपासा. गिझरच्या पाटीवर कमाल दाब लिहिलेला असतो. 8 बार म्हणजे साधारण 80 मीटर उंच पाण्याचा दाब. व्हॉल्व्हला जोडलेल्या नळीचं तोंड खाली आणि उघडं हवं.

कॉइल साफ करून अॅनोड विसरणं

टाकीतून कडकड, खदखद असा आवाज येऊ लागला की क्षारांचा थर बसलाय असं समजा. थरामुळे कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल स्वतःच जास्त तापते आणि शेवटी जळते. पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असेल तर वर्षातून एकदा टाकी उघडायलाच हवी. कॉइल सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवा. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, वरचं आवरण चिरतं. फरशीच्या तीव्र अॅसिडने तर धातूच खाल्ला जातो.

पोलादी टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, तो अॅनोड. टाकीऐवजी तो झिजतो, एवढंच त्याचं काम. सर्व्हिसिंगवाले कॉइल दाखवतात, दांड्याबद्दल बहुधा बोलत नाहीत. काढून दाखवायला सांगा. आतली तार दिसायला लागली असेल तर तो बदला आणि झाकण बसवताना गॅस्केट नवीनच घाला. टाकी एकदा गंजून गळायला लागली की दुरुस्ती नाही.

रिकाम्या टाकीला बटण लावणं

साफसफाईनंतर किंवा बऱ्याच महिन्यांनी गिझर सुरू करताना आधी गरम पाण्याचा नळ उघडा. धार अखंड यायला लागली की मगच बटण. कोरडी कॉइल बघता बघता जळते. पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास आला तर टाकी पूर्ण रिकामी करून भरा आणि 60 अंशांपर्यंत तापवा.

जिथे पारा शून्याखाली जातो तिथे घर बंद करून जाताना टाकी आणि पाइप दोन्ही रिकामे करा. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि पाइप तडकतात.

पडलेला स्विच पुन्हा पुन्हा वर करणं

आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, पडत असेल तर कुठेतरी करंट गळतोय, आणि गिझरमध्ये बहुधा चिरलेल्या कॉइलमधून. तो बायपास करून देणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. नळाला हात लावल्यावर किंचित झिणझिण्या येत असतील, तर गिझरचा एमसीबी (वीजपेटीतला त्याचा स्विच) त्याच क्षणी बंद. 230 व्होल्टवर 2 किलोवॉटचा गिझर जवळपास 9 अँपिअर घेतो आणि 3 किलोवॉटचा 13. तेव्हा 6 अँपिअरचा सॉकेट किंवा एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. प्लग हाताला गरम लागत असेल तर संपर्क सैल आहे.

गॅस गिझर बंद बाथरूममध्ये

ठिणगी पडत नसेल तर आधी सेल बदला आणि पाण्याचा दाब बघा. दाब कमी असला की गिझर पेटतच नाही. गारठ्यात सिलिंडरमधून गॅस मंद येतो, पण म्हणून सिलिंडरवर उकळतं पाणी ओतू नका.

थंडीत लोक खिडकी बंद करतात आणि इथेच जीव जातात. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसणं, काजळी धरणं या खुणा आहेत, पण ज्योत निळी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे झालं, हाही गैरसमज. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर तो पंखा धुराड्यातला वायू उलटा आत ओढू शकतो. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. अंघोळ करताना डोकं जड झालं, मळमळलं, पाय गळाल्यासारखे वाटले, तर अंग पुसायलाही थांबू नका, बाहेर या. आतून हाकेला उत्तर येत नसेल तर दार तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि रुग्णवाहिका बोलवा. त्याला शुद्ध आली तरी दवाखान्यात न्यायचंच.