व्हॉल्यूम पेडल जोडल्यावर येणारा हम : पेडल बदलण्याआधी या चुका टाळा

इलेक्ट्रिक गिटार, पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार) किंवा इलेक्ट्रिक व्हायोलिन आणि ॲम्प यांच्यामध्ये पायाने आवाज कमी-जास्त करणारे व्हॉल्यूम पेडल जोडले की अनेकदा खालच्या सुरातला, न थांबणारा 'घूं' असा आवाज ऐकू येऊ लागतो. वादक त्याला हम म्हणतात. पेडल जोडल्यावर तो सुरू झाला, म्हणजे दोष पेडलचाच, असे समजून नवे पेडल आणले जाते आणि हम मात्र जिथल्या तिथे राहतो. वीज न लागणाऱ्या साध्या पेडलमध्ये एक पोटेन्शिओमीटर, ज्याला आपण पॉट म्हणतो, दोन-तीन जॅक आणि थोड्या तारा यांखेरीज फारसे काही नसते. हम निर्माण करील असा भागच त्यात नाही. बाहेरचा हम ते आत येऊ देते किंवा आधीपासून असलेला हम ऐकू येण्याजोगा करते. उलट दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याचे सर्वांत चांगले साधन तेच आहे, आणि त्याचा तसा उपयोग न करणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते.

टाचेपासून चवड्यापर्यंत

वाद्याचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, तारा स्थिर करून हात बाजूला घ्या, ॲम्प नेहमीच्या पातळीवर ठेवा आणि पेडल टाचेच्या टोकापासून चवड्याच्या टोकापर्यंत अगदी सावकाश न्या. टाच पूर्ण दाबल्यावर हम नाहीसा होत असेल आणि चवड्याकडे जाताना सारखा वाढत असेल, तर तो पेडलच्या आधीच्या भागातून, म्हणजे वाद्य, पहिली केबल किंवा आधीचे इफेक्ट (आवाज बदलणारी उपकरणे) यांतून येतो आहे. अशा वेळी पेडल उघडून काहीही हाती लागणार नाही.

टाच पूर्ण दाबूनही हम तेवढाच राहिला, तर शोधाची दिशा उलटी होते. टाचेच्या टोकाला पॉट सिग्नलची तार थेट ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टेजच्या बाजूला, टेकवतो, त्यामुळे आधीचे काही ॲम्पपर्यंत पोहोचतच नाही. उरलेला हम पेडलनंतरच्या केबलमधला, ॲम्पमधला किंवा ग्राउंड लूपमुळे, म्हणजे उपकरणांची ग्राउंड एकाहून अधिक वाटांनी जोडली जाऊन तयार झालेल्या वेढ्यामुळे, आलेला असतो. ग्राउंड लूपबाबत बहुतेकांची फसगत होते, कारण त्यातला प्रवाह केबलच्या बाहेरच्या जाळीतून वाहतो, त्या जाळीच्या दोन टोकांमध्ये जो सूक्ष्म व्होल्टेज पडतो तो ॲम्पला सिग्नलसारखाच दिसतो आणि पेडल कितीही बंद केले तरी तो अडत नाही. पेडलकडून आलेली केबल ॲम्पच्या बाजूने काढून पाहा. तरीही हम राहिला तर तो ॲम्पचा स्वतःचा आहे. गेला तर केबल किंवा लूप यांपैकी एक कारण धरून चला.

तिसरी शक्यता सर्वांत कमी ओळखली जाते. दोन्ही टोकांना पेडल बऱ्यापैकी शांत असते आणि मधल्या टप्प्यात हम वाढतो. २५० किलोओहमच्या पॉटचा सरकता संपर्क विद्युतदृष्ट्या मध्यावर आला की त्याच्या दोन्ही बाजूंना १२५ किलोओहम उरतात, आणि पुढच्या केबलला दिसणारा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) हे दोन भाग समांतर येत असल्याने जवळपास ६२.५ किलोओहम होतो. ५०० किलोओहमच्या पॉटमध्ये तो दुप्पट होतो. इम्पीडन्स जितका जास्त, तितकी पुढची केबल आसपासच्या विजेच्या तारांचे विद्युतक्षेत्र सहज टिपते. हा मध्य पायाच्या हालचालीचा मध्य नसतो. ऑडिओ टेपरचा, म्हणजे रोध असमान गतीने बदलणारा, पॉट अर्ध्या फिरण्यात रोधाचा लहानसा हिस्साच ओलांडतो, त्यामुळे हमचा उंचवटा चवड्याच्या बाजूला सरकलेला आढळतो.

बफर कुठे लावावा, पॉट किती किलोओहमचा असावा

वरची खूण ओळखल्यावर पुष्कळ जण पेडलच्या आधी बफर (सिग्नल तेवढाच ठेवून त्याचा इम्पीडन्स कमी करणारे छोटे सर्किट) लावतात आणि हम कमी झाला नाही म्हणून निराश होतात. बफरमुळे आधीच्या लांब केबलचा प्रश्न सुटतो, पण पॉट तोच राहिल्याने मध्यावरचे ६२.५ किलोओहम तसेच राहतात. पुढची केबल शांत करायची असेल तर दोनच मार्ग खरे आहेत: बफरनंतर २५ किलोओहमचे पेडल वापरावे, म्हणजे मध्यावरचा इम्पीडन्स सुमारे ६ किलोओहमवर येतो, किंवा जुने पेडल ठेवून त्याच्यानंतर अगदी आखूड केबलने बफर जोडावा.

मात्र २५ किलोओहमचे पेडल साध्या, बॅटरी नसलेल्या पिकअपला (तारांच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करणाऱ्या भागाला) थेट जोडू नये. पिकअपवर इतका भार पडतो की वरचे स्वर बोथट होतात, मग ते भरून काढण्यासाठी ॲम्पवर ट्रेबल आणि गेन वाढवले जातात आणि त्याबरोबर सगळा गोंगाटही वाढतो. पिएझो (कंपनाच्या दाबातून सिग्नल देणारा) पिकअप असलेल्या व्हायोलिनला तर २५० किलोओहमसुद्धा अपुरे पडतात. त्याला साधारण १ मेगाओहम किंवा त्याहून अधिक इनपुट इम्पीडन्स लागतो, म्हणून आधी प्रीॲम्प (ॲम्पच्या आधी सिग्नल तयार करणारे सर्किट) आणि मग पेडल, हाच क्रम पाळावा.

केबल आणि पेडलच्या आतले ग्राउंड

स्पीकरची केबल आणि वाद्याची केबल यांची टोके सारखीच दिसतात, पण स्पीकरच्या केबलला सहसा शिल्डिंगची, म्हणजे बाहेरचा गोंगाट अडवणारी, जाळी नसते. घाईत तीच पेडलला लागली तर हम लगेच आणि मोठा येतो, म्हणून सर्वप्रथम केबल बदलून पाहावी, तीही एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही.

पेडलच्या धातूच्या पट्टीला किंवा जॅकच्या कडीला बोट लावल्यावर हम कमी-जास्त होत असेल, तर आतले ग्राउंड सुटलेले असण्याची दाट शक्यता आहे. वाद्याच्या तारांना हात लावल्यावर हम थोडा कमी होणे ही वेगळी गोष्ट आहे. तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि आपले शरीर विद्युतक्षेत्र टिपत असते, त्यामुळे बहुतेक वाद्यांत तसे घडतेच. शंका असेल तर सगळ्या केबल काढून मल्टिमीटर लावा. दोन्ही जॅकची बाहेरची कडी आणि पेडलचे धातूचे आवरण यांच्यात जवळपास शून्य ओहम दिसले पाहिजेत. इनपुट जॅकच्या सिग्नलच्या टोकापासून कडीपर्यंतचा रोध पेडल कुठेही असले तरी पॉटच्या किमतीइतका स्थिर राहावा, आणि टाच दाबलेली असताना आउटपुटच्या टोकापासून कडीपर्यंतचा रोध शून्याजवळ यावा. हे शेवटचे मोजमाप भलतेच आले तर पॉटच्या ग्राउंडकडच्या पायाचा सोल्डर तुटलेला असतो. अशा पेडलमध्ये आवाज पूर्ण बंदही होत नाही.

पेडल हलवताना होणारी खरखर म्हणजे हम नव्हे. ती पॉटच्या पट्टीवरील धुळीमुळे किंवा झिजेमुळे येते आणि इलेक्ट्रॉनिक संपर्कांसाठीच्या क्लीनरने बहुधा जाते. कुठलेही वंगणतेल त्यात मारू नये.

ट्यूनरचा जॅक, अडॅप्टर आणि अर्थिंगची पिन

अनेक पेडलना ट्यूनरसाठी वेगळा जॅक असतो. त्यावर स्वतंत्र अडॅप्टरचा ट्यूनर जोडला की ग्राउंडला दुसरी वाट मिळू शकते आणि लूप तयार होतो. ट्यूनर काढून किंवा बॅटरीवर चालवून पाहणे हा एका मिनिटाचा तपास आहे, पण तो राहून जातो. ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये (ॲम्पच्या मधल्या टप्प्यात इफेक्ट जोडण्याच्या जॅकमध्ये) पेडल आणि पुढच्या इनपुटला इतर इफेक्ट, अशा चार केबलच्या जोडणीतही हाच धोका असतो. सगळी उपकरणे एकाच विजेच्या बोर्डावरून चालवावीत, आणि तेवढ्याने भागले नाही तर सिग्नलच्या वाटेवर ग्राउंडची थेट जोड तोडणारा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा.

लूप तोडण्यासाठी ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये. हम खरोखर जातो, म्हणूनच हा सल्ला पसरतो. पण त्यानंतर ॲम्पमध्ये बिघाड झाला तर वाद्याच्या तारांपर्यंत मुख्य विजेचा दाब पोहोचतो आणि वादकाचा हात त्या तारांवर असतो.

कानाला थोडी सवय झाली की हमची उंचीही माहिती देते. विजेची वारंवारता देशानुसार ५० किंवा ६० हर्ट्झ असते, आणि लूप किंवा उचललेला हम मुख्यतः त्याच सुरात असतो. अडॅप्टर किंवा ॲम्पच्या पॉवर सप्लायमधला थकलेला कपॅसिटर मात्र बहुधा दुप्पट, म्हणजे १०० किंवा १२० हर्ट्झचा सूर देतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सूर ९८ हर्ट्झचा आहे. १०० हर्ट्झचा हम त्याच्या किंचित वर ऐकू येतो. लहान स्पीकर ५० हर्ट्झ नीट वाजवत नाहीत आणि त्याचे वरचे अंशच ऐकवतात, त्यामुळे ही खूण एकटीच पुरावा धरू नये.

सगळे ठीक असूनही वाद्य जागेवर फिरवले की हम वाढतो-कमी होतो, तेव्हा सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र पकडत असतो. तांब्याची पट्टी लावून हा हम जात नाही, कारण ती विद्युतक्षेत्र अडवते, इतक्या कमी वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र नव्हे. व्हॉल्यूम आणि वाह (स्वराचा रंग बदलणारा इफेक्ट) एकत्र असलेल्या पेडलमधली कॉइलही असेच क्षेत्र टिपते. अडॅप्टरपासून ते हातभर दूर सरकवले तर फरक लगेच ऐकू येतो. पेडल स्टील वाजवणारे ॲम्प चढा ठेवून पेडल अर्धवट दाबतात आणि स्वर विरत जाईल तसे ते पुढे नेतात, त्यामुळे स्वराच्या शेपटीला हमही वर येतो. त्यांच्यासाठी हमबकिंग (दोन वेटोळ्यांनी हम रद्द करणारे) पिकअप किंवा वाद्याची बैठक ॲम्पपासून दूर आणि थोडी तिरकी ठेवणे, हे पेडल बदलण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते.